साखळीतला दमलेला गडी

एखादी इलेक्ट्रिक गाडी आठ-दहा वर्षांची झाली, की तिच्या मालकाला एक सल्ला हमखास मिळतो : "बॅटरी संपली, आता गाडी काढून टाका." गंमत बघा, पेट्रोलची गाडी धूर ओकायला लागली तर आपण मेकॅनिकला विचारतो, "रिंगा गेल्या का व्हॉल्व्ह?" कोणी लगेच अख्खं इंजिन भंगारात घालत नाही. मग बॅटरीच्या बाबतीत "त्यातलं नेमकं काय गेलं?" हा साधा प्रश्न कोणी का विचारत नाही?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. बॅटरी 'जाते' म्हणजे काय होतं, गेलेला भाग शोधायचा कसा, तो बदलायचा तर कशाने, आणि यातलं किती काम आपण स्वतःच्या हाताने करावं, हे क्रमाने बघू. फर्स्ट इयरचं बेसिक इलेक्ट्रिकल आठवत असेल तर उत्तम. नसेल आठवत तरी बिघडत नाही, ओहमचा नियम तेवढा लक्षात असू द्या.

दोन गाड्या, दोन बॅटऱ्या

उदाहरणादाखल दोन गाड्या घेऊ. पहिली आपल्या देशातली, रेवा. बंगळूरच्या मैनी उद्योगसमूहाने अमेरिकेतल्या अमेरिगॉन कंपनीबरोबर ती विकसित केली आणि २००१ मध्ये ती रस्त्यावर आली. चेतन मैनी हे नाव या गाडीशी कायमचं जोडलं गेलंय. लंडनमध्ये हीच गाडी 'जी-विझ' नावाने फिरायची. २०१० मध्ये महिंद्राने कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि २०१३ मध्ये रेवाची वारसदार म्हणून लिथियम-आयन बॅटरीवाली ई-टू-ओ आणली. मूळच्या रेवात मात्र सीटखाली ६ व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या असायच्या. आठही सिरीजमध्ये, म्हणजे ४८ व्होल्ट. कपॅसिटी २०० अँपिअर-अवर. गुणाकार करा : ४८ × २०० = ९६०० वॅट-अवर, म्हणजे ९.६ युनिट वीज. लेड-ॲसिडचा एक सेल साधारण २ व्होल्टचा, म्हणून प्रत्येक बॅटरीत तीन सेल आणि सगळ्या गाडीत २४.

दुसरी गाडी जपानची, निसान लीफ. ती डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली. पहिल्या लीफची बॅटरी २४ किलोवॅट-अवरची होती आणि तिच्यात १९२ लिथियम-आयन सेल होते. चार-चार सेल एका पत्र्याच्या चपट्या डब्यात बंद करून एक मॉड्यूल, अशी ४८ मॉड्यूल. प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन सेल पॅरलल आणि अशा दोन जोड्या सिरीजमध्ये. म्हणजे सगळी मिळून ९६ जोड्यांची एक लांब साखळी. नॉमिनल व्होल्टेज ३६० च्या आसपास आणि पूर्ण चार्ज झाल्यावर जवळपास ४०० व्होल्ट.

जुनी इलेक्ट्रिक गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींनी लीफवर भरपूर हात साफ केला आहे. कारण तिची मॉड्यूल नट-बोल्टने जोडलेली आहेत, चिकटवलेली नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

एक दमला की सगळे थांबतात

सिरीज जोडणीत सगळ्या सेलमधून एकच करंट वाहतो. इथेच सगळी मेख आहे. राजगडाच्या अरुंद पायवाटेने वीस जणांचा ग्रुप एका रांगेत चाललाय असं समजा. ओलांडून पुढे जायला जागा नाही. रांगेतला एक जण दमून खाली बसला, की मागचे सगळे थांबतात, मग त्यांच्या पायात कितीही दम असो. ग्रुपची ताकद ही सगळ्यांची सरासरी नसते, ती त्या एका दमलेल्या गड्याची ताकद असते.

आता रेवाचं गणित करू. २४ पैकी २३ सेल २०० अँपिअर-अवरचे ठणठणीत आहेत आणि एकच सेल १२० वर आलाय असं समजा. १२० अँपिअर-अवर काढले की तो एक सेल रिकामा. बाकीच्या प्रत्येकात ८० शिल्लक आहेत, पण ते बाहेर काढायचे तर करंट त्या रिकाम्या सेलमधूनच न्यावा लागतो. मग उपयोगी ऊर्जा उरली किती? ४८ × १२० = ५७६० वॅट-अवर. चोवीसातला एक सेल खराब आणि गाडीची ४० टक्के धाव गायब! मालकाला वाटतं सगळी बॅटरी म्हातारी झाली.

त्यातही जबरदस्तीने पुढे चालवलं तर काय? लेड-ॲसिड पॅकमध्ये प्रत्येक सेलवर पहारा नसेल तर रिकाम्या सेलमधून इतर सेल करंट ढकलत राहतात आणि तो उलट्या दिशेने चार्ज व्हायला लागतो. याला सेल रिव्हर्सल म्हणतात. आधीच कमकुवत असलेला सेल अशा दोन-चार हिसक्यांत कायमचा जातो. लिथियम-आयन पॅकमध्ये ही चैन परवडणारी नसते, म्हणून तिथे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, प्रत्येक जोडीचं व्होल्टेज बघत असते. एक जरी जोडी खालच्या मर्यादेला टेकली तरी ती गाडी थांबवते. चार्जिंगच्या वेळी उलट. ज्या सेलची कपॅसिटी कमी तो आधी भरतो आणि तो भरला की चार्जिंग बंद करावं लागतं. बाकीचे अर्धपोटी राहिले तरी इलाज नाही.

सेल दमतो कशाने?

लेड-ॲसिडमध्ये मुख्य शत्रू सल्फेशन. डिस्चार्ज होताना प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं, ते नेहमीचंच. चार्ज केलं की ते परत विरघळतं. पण बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज ठेवली तर त्याचे कडक खडे बनतात आणि मग ते विरघळत नाहीत. शिवाय प्लेटवरचा माल झडून तळाशी गाळ साचतो आणि डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं नाही तर प्लेटा उघड्या पडतात.

लिथियम-आयनमध्ये ॲनोडवर एक पातळ थर वाढत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं. तेवढी कपॅसिटी कमी. ही रासायनिक क्रिया उष्णतेने भराभर वाढते. तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट, हा ठोकताळा आपण केमिस्ट्रीत शिकलोय. लीफच्या पॅकला पाण्याने किंवा पंख्याने थंड करण्याची सोय नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या तापट भागातल्या मालकांनी कपॅसिटी लवकर उतरत असल्याच्या तक्रारी केल्या आणि त्यानंतर निसानने तिथे कपॅसिटीची वॉरंटी जाहीर केली. विदर्भातल्या मित्रांनो, मे महिन्यात गाडी उन्हात लावताना हे आठवा.

आणि एकाच पॅकमधले सेल सारख्याच वेगाने म्हातारे होत नाहीत. मधल्या सेलची उष्णता बाहेर पडत नाही, कडेचे थंड राहतात. कारखान्यातूनही सेल अगदी तंतोतंत सारखे येत नाहीत. सुरुवातीला एखाद्या टक्क्याचा असलेला फरक वर्षागणिक रुंदावत जातो. म्हणजे 'दमलेला गडी' हा अपवाद नाही, तो जवळपास प्रत्येक जुन्या पॅकमध्ये असतोच.

शोधायचा कसा?

मल्टीमीटर लावला, व्होल्टेज वाचलं, सगळे सारखे, चला बॅटरी चांगली आहे! असं नसतं. कॅन्टीनमध्ये बसलेली सगळी मुलं सारखीच हुशार दिसतात, फरक कळतो तो व्हायवाला. सेलचंही तसंच आहे. विश्रांतीतलं व्होल्टेज फक्त एवढं सांगतं की सेल किती टक्के भरलाय. भांडं किती मोठं आहे ते त्यातून कळत नाही. अर्धा भरलेला तांब्या आणि अर्धी भरलेली बादली, दोन्ही 'अर्धे'च.

म्हणून दोन गोष्टी मोजायच्या. एक, लोडवर व्होल्टेज किती पडतं. त्यातून सेलचा अंतर्गत रोध कळतो. दोन, पूर्ण चार्ज करून ठराविक करंटने रिकामं करेपर्यंत किती अँपिअर-अवर निघाले. ही खरी कपॅसिटी. घाईचं काम असेल तर निदान सेल रिकामे होत आले असताना मोजावं. लिथियम-आयनचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात अगदी हळू उतरतं आणि शेवटी एकदम कोसळतं. कमकुवत सेल तिथेच सगळ्यांच्या आधी घसरतो आणि उघडा पडतो.

माझ्या मामाकडे एक जुनी रेवा आहे. तिचा बॅटरी-संच चार वर्षं चालल्यावर एका चार्जमध्ये ती जेमतेम निम्मं अंतर जायला लागली. लेड-ॲसिडला चार वर्षं म्हणजे काही कमी नव्हेत. मामा म्हणाला, "काय रे, इंजिनिअर होणार ना तू? बघ जरा." मी आणि दोन मित्र सुट्टीत त्याच्याकडे गेलो.

प्रत्येक बॅटरी तीस किलोच्या आसपास, त्यामुळे उचलायला दोघं लागायचे. आधी संच पूर्ण चार्ज केला, काही तास शांत ठेवला आणि हायड्रोमीटरने चोवीसही सेलच्या ॲसिडची घनता घेतली. झाकणाच्या बॅटरीचा हा मोठा फायदा, प्रत्येक सेल वेगळा तपासता येतो. चांगल्या भरलेल्या सेलमध्ये ही घनता १.२७ च्या आसपास येते. सेलसेलमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक दिसला तर समजावं की पाणी मुरतंय. आम्हाला एका बॅटरीचा मधला सेल असा सापडला.

मग लोड टेस्ट. दोन-दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये घेऊन १२ व्होल्ट केले आणि हेडलाइटचे ५५ वॅटचे चार हॅलोजन बल्ब पॅरलल जोडले. २२० भागिले १२, म्हणजे साधारण १८ अँपिअर. दर अर्ध्या तासाने दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वहीत लिहायचं आणि जोडीतली कोणतीही एक ५.२५ व्होल्टला (सेलमागे १.७५) आली की चाचणी बंद. तास गुणिले अँपिअर म्हणजे जोडीतल्या कमकुवत बॅटरीची कपॅसिटी. दुसरी निदान तेवढी तरी आहे हे कळतं. मग जोड्या बदलून परत. काम कंटाळवाणं आहे, जर्नल लिहिण्याइतकं. पण संशयित सेलवाली बॅटरी ज्या ज्या जोडीत गेली ती जोडी सगळ्यांच्या खूप आधी बसली. हायड्रोमीटर आणि बल्ब, दोन वेगळ्या साक्षीदारांनी एकाच आरोपीकडे बोट दाखवलं.

लीफसारख्या गाडीत हेच काम बसल्या जागी होतं. गाडीच्या डायग्नॉस्टिक सॉकेटला छोटा ओबीडी रीडर लावायचा, मोबाइलवर 'लीफ स्पाय' नावाचं ॲप उघडायचं, की ९६ जोड्यांची व्होल्टेज बार ग्राफसारखी समोर. गाडी बरीच रिकामी झालेली असताना, चढावर, हा ग्राफ बघितला तर बुटका बार लगेच दिसतो. यात पॅक उघडावा लागत नाही, म्हणून धोकाही नाही.

नवा गडी आणायचा का?

सेल सापडला. आता बाजारातून नवा कोरा आणून बसवला की झालं? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो.

ट्रेकच्या दमलेल्या ग्रुपमध्ये एक मॅरेथॉन धावणारा आणून घातला म्हणून ग्रुप धावायला लागतो का? नाही. आता त्याच्यानंतर जो सगळ्यात दमलेला आहे त्याच्या वेगाने ग्रुप चालणार. लीफच्या पॅकमधलं सगळ्यात वाईट मॉड्यूल ६० टक्क्यांवर आणि बाकीची ७५ वर असतील, तर १०० टक्क्यांचं मॉड्यूल घालूनही पॅक ७५ वरच येणार. मग ७५ च्या जवळचं, अपघातात सापडलेल्या गाडीतलं वापरलेलं मॉड्यूल घातलं तरी तेच मिळतं, आणि स्वस्तात. आपल्याला हवा असतो जुळणारा सेल. नवेपणाला इथे भाव नाही.

लेड-ॲसिडमध्ये तर नवी बॅटरी जुन्यांत घालणं उधळपट्टीच. चार्जर बघतो सगळ्या संचाचं एकत्र व्होल्टेज. जुन्या बॅटऱ्या लवकर वर चढतात, चार्जरला वाटतं संच भरला, आणि नवी बिचारी अर्धपोटी राहते. अर्धपोटी राहिली की सल्फेशन. काही महिन्यांत नवीही जुन्यांच्या रांगेत. म्हणून संच नवा असताना एखादी बॅटरी गेली तर एकटी बदलावी. संच उतरत्या वयाचा असेल तर आठही बदलाव्यात.

मामाकडे आम्ही हेच सुचवलं. तो चिडलाच. "आठच्या आठ बदलायच्या होत्या तर दोन दिवस मोजत काय बसलात?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की, मोजल्यामुळे तीन गोष्टी नक्की झाल्या. चार्जर, मोटर आणि कंट्रोलर ठीक आहेत, तेव्हा नव्या संचावरचा खर्च वाया जाणार नाही. एका केबलच्या टोकाला हिरवी-पांढरी बुरशी चढली होती, ती नव्या संचालाही नडली असती. आणि जुन्या आठांपैकी चार बॅटऱ्या एकमेकींशी छान जुळत होत्या. त्या चार सिरीजमध्ये लावून आता मामाच्या शेतघरात २४ व्होल्टचे दिवे चालतात. गाडीला न पुरणारी बॅटरी दिव्यांना पुरते, कारण दिव्यांना शंभर-दोनशे अँपिअर नको असतात. उरलेल्या चार नव्या संचाच्या दुकानदाराकडे परत दिल्या. शिशाची बॅटरी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही ती अधिकृत पुनर्वापरासाठीच जायला हवी. ॲसिड गटारात ओतून शिसं वितळवण्याचे उद्योग कुठे ना कुठे चालतात आणि ते शिसं शेवटी कोणाच्या तरी पाण्यात जातं.

हे जुळवाजुळवीचं काम फक्त आपल्यासारख्यांचं नाही बरं का! निसान आणि सुमितोमो यांच्या 'फोर-आर एनर्जी' या कंपनीने २०१८ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा प्रांतात नामिए इथे कारखाना सुरू केला. तिथे जुन्या लीफच्या बॅटऱ्या येतात, मॉड्यूल तपासून त्यांची प्रतवारी होते, आणि चांगली चांगली मॉड्यूल एकत्र करून दुरुस्त पॅक बनतो. त्या वर्षी अशा पॅकची किंमत ३ लाख येन जाहीर झाली होती. उरलेली मॉड्यूल कमी श्रमाच्या कामांना जातात. आमच्या शेतघरातल्या दिव्यांसारखंच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

बसवण्याआधी एका पातळीवर

कपॅसिटी जुळली तरी एक पायरी उरते. बदलीचं मॉड्यूल आणि पॅकमधली इतर मॉड्यूल सारख्याच टक्क्यांवर भरलेली हवीत. नाहीतर एक आधी भरेल, दुसरं आधी रिकामं होईल, आणि कपॅसिटी चांगली असूनही परत तीच अडचण.

"बीएमएस बॅलन्स करेल की!" करते, पण किती हळू ते बघा. बॅलन्सिंगचा करंट अगदी १०० मिलिअँपिअर धरला आणि फरक १० अँपिअर-अवरचा असला तर १०० तास लागणार. बऱ्याच गाड्यांत हा करंट याहूनही कमी असतो. म्हणून बसवण्याआधीच चार्जरने दोन्हींचं व्होल्टेज एका आकड्यावर आणावं. थेट पॅरलल जोडून पाणी समपातळीत येण्याची वाट बघायची घाई नको. फरक ०.३ व्होल्ट आणि मार्गातला रोध ३ मिलिओहम असेल तर पहिला झटका १०० अँपिअरचा. मध्ये रेझिस्टन्स किंवा बल्ब घालावा.

शेवटी बसबार आणि नट. हे किरकोळ वाटतं, पण ४८ व्होल्टवर १० किलोवॅट काढायचे तर २०० अँपिअरहून जास्त करंट वाहतो. एखाद्या जोडाचा रोध फक्त १ मिलिओहम असला तरी I²R = २०० × २०० × ०.००१ = ४० वॅट. आपल्या लॅबमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो! म्हणजे ढिला नट म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर सतत चालू असलेला सोल्डरिंग आयर्न. जोड घासून स्वच्छ करायचे आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, टॉर्क रेंचनेच, आवळायचे. 'हाताच्या अंदाजाने' नाही.

हे काम आपण करावं का?

माझं उत्तर व्होल्टेजवर अवलंबून आहे. गाड्यांच्या सुरक्षा-नियमांत ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की ते हाय व्होल्टेज समजतात. रेवाचे ४८ व्होल्ट त्या रेषेच्या आत आहेत. शॉक बसून जिवावर बेतण्याची भीती कमी, पण भाजण्याची भरपूर. ६ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला आणि रोध ३ मिलिओहम असला तर २००० अँपिअर वाहतात. पाना लाल होतो, चिकटून बसतो. त्यामुळे अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी ग्लोव्हज, शेजारी पाण्याची बादली आणि सांडलेल्या ॲसिडसाठी खायचा सोडा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा दारं-खिडक्या उघड्या आणि ठिणगी उडेल असं काही नको. एवढं पाळून, दोघांनी मिळून, हे काम घरी होतं.

लीफचे ४०० व्होल्ट ही वेगळीच जात आहे. तिथे सर्व्हिस प्लग काढला, की साखळी मध्ये तुटते. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला निदान दहा मिनिटं थांबायचं आणि मग मीटरने खात्री करायची. पण नीट लक्षात घ्या, प्लग काढला म्हणून बॅटरी बंद होत नाही. साखळीच्या प्रत्येक तुकड्यात बरंच व्होल्टेज तसंच जिवंत असतं. घराच्या वायरिंगचं एमसीबी पाडता येतं, बॅटरीचं पाडता येत नाही. शिवाय ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही, आर्क पेटला की पेटलेलाच राहतो. इथे १००० व्होल्टचे इन्सुलेटेड ग्लोव्हज, तशीच हत्यारं, आणि हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस शेजारी, याशिवाय झाकण उघडू नये. एकट्याने तर नाहीच नाही. आणि मॉड्यूलचा डबा फोडून आतला सेल बदलण्याचा विचारही करू नये. सेल फाटला, वाकला, शॉर्ट झाला तर आग लागते आणि ती सहज विझत नाही. फुगलेलं मॉड्यूल दिसलं तर ते परत वापरात येत नाही, थेट पुनर्वापराला.

पण या दोन टोकांच्या मध्ये आपल्यासाठी मोठी जागा आहे. ओबीडी रीडर लावून ग्राफ वाचणं, रिकामं होताना आणि चढावर नोंदी घेणं, कोणती जोडी आधी पडते ते शोधणं, कपॅसिटीचा तक्ता करून कोणतं मॉड्यूल कोणाशी जुळतं ते ठरवणं, हे सगळं झाकण न उघडता किंवा सुट्या मॉड्यूलवर करता येतं. पाना फिरवणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. मोजणं आणि जुळवणं हा मोठा.

मघाशी नट-बोल्टचा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितलं होतं. रेवाची बॅटरी दोन माणसांना काढता येते, लीफचं मॉड्यूल बोल्ट सोडून काढता येतं. पण २०२० नंतर 'सेल टू पॅक' पद्धतीचे पॅक वाढत चाललेत. त्यात मॉड्यूल हा मधला टप्पाच नसतो, लांबलचक सेल थेट पॅकमध्ये बसवून बरेचदा चिकटवून टाकतात. वजन वाचतं, जागा वाचते, खर्च कमी होतो. कारणं खरी आहेत. मात्र त्या साखळीतला एक गडी दमला तर त्याला एकट्याला बाहेर काढायला वाटच राहत नाही. मग "बॅटरी संपली, गाडी काढून टाका" हे वाक्य खरं व्हायला लागतं.

आपल्यापैकी काही जण उद्या अशाच कंपन्यांच्या डिझाइन डिपार्टमेंटमध्ये बसणार आहेत. तिथे गोंद की बोल्ट यावर चर्चा निघेल तेव्हा दहा वर्षांनंतरच्या मालकाच्या वतीने बोलणारं टेबलावर कोणी नसतं. तेवढा एक प्रश्न तुम्ही विचारा : यातला एक सेल गेला तर तो काढायचा कसा? आणि तोपर्यंत, घरी जुनी इलेक्ट्रिक स्कूटर किंवा गाडी रुसून बसली असेल, तर निकाल द्यायच्या आधी मोजून बघा. बहुतेक वेळा सगळी रांग दमलेली नसते.